पाचवा भाग

चौथ्या भागात जादूगारांची सभा तिला वाळीत टाकते.
तिच्या नावाचा दिवा विझवतात, एवढंच.
मग ती पुलाखाली राहते,
पार्किंगच्या पावत्यांमागं मंत्र लिहिते.

मी वाचते अंबडला, रात्रपाळीत,
चहाच्या सुट्टीत. पानांना ग्रीस लागतं.

पंचांनी आईला दंड लावला
तेव्हा मी सातवीत.
दिवाबिवा कुणी विझवला नाही.
मावशी सराफ बाजारात समोरून आली
आणि एका दुकानाच्या काचेत
बघतच राहिली,
दुकान बंद होतं.

पाचवा भाग वाचनालयात नाही.
सिंधू धात्रक, पंचवटी. महिना झाला,
परत करत नाही.

तिचा दंड मी भरू का, विचारलं.
ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं:
तुमची कोण ती?