जोडकाम

बांबोळीला, संध्याकाळी, पाच नळ्या:
ससा, बोकड, म्हैस, कोंबडी,
आणि माझ्या डाव्या दंडातलं रक्तजल.
थेंब थेंब विष सोडलं.

सशाचं लगेच पिवळं, लग्नाच्या हळदीसारखं.
बोकड, म्हैस मागोमाग. माझं रेंगाळत.
कोंबडीचं नितळ पाणी.

या विकराचं हे खरं काम नव्हेच,
जोडकाम.
आमचा शाबलो कदंबा बस हाकतो,
रात्री लोकांच्या न्हाणीतले साप धरतो;
गावात त्याला ड्रायव्हर कोण म्हणतं?

वाळपईत काजूवर फवारणी झाली त्या वर्षी
आई म्हणाली होती,
कोंबड्या तेवढ्या गेल्या, आपण वाचलो,
देव बरें करूं.

चौथी नळी मी अजून धुतलेली नाही.