निजायची जागा

डिसेंबर. इंदोऱ्यात रात्रीचे साडेदहा.
आमच्या दोन खोल्यांत बैठक भरली आहे
एका वीतभर जिवासाठी,
जो संध्याकाळी सुगतच्या दप्तरातून निघाला,
भूगोलाच्या वहीवर मुतून झाल्यावर.

मामाजी म्हणाले, "अंगणात राहू दे. पोतं टाकलं का झालं.
कुत्र्याची जातच..."
आणि तिथेच थबकले.
"जात नाही. सवय म्हणतो मी."
आमच्या घरात तो शब्द तोंडात आला
की चूळ भरावीशी वाटते.

अंगण म्हणजे नळाजवळच्या चार फरश्या.
या दिवसांत तिथल्या बादलीतलं पाणी
हात लावू देत नाही.

राजरतन म्हणाला, "ओट्याखाली."
ओट्याखाली कणकेचा डबा आहे, मी म्हटलं,
आणि उंदरांचं जुनं येणंजाणं.
सुगत काही म्हणाला नाही.
त्याची चादर मात्र
पोटाजवळ आपोआप हलली.
"काढ बे ते बाहेर!"

मग सगळ्यांची नजर एकदमच गेली
कोपऱ्यातल्या कूलरवर.
दिवाळीपासून तो रिकामाच उभा.
वाळ्याच्या ताट्या माळ्यावर,
मोटार गोणपाटात गुंडाळलेली,
खाली पत्र्याची कोरडीठाक टाकी.
मे महिन्यात याच्यासमोरच्या जागेसाठी
घरात भांडणं लागतात.
मामाजी वयावर जिंकतात,
सुगत ताप आल्याचं सोंग करून.

टाकीत राजरतनचा उसवलेला स्वेटर अंथरला.
आत अजून वाळ्याचा वास होता थोडासा.
पिल्लू शिंकलं.
ठरलं.
दिवे गेले.

दहा मिनिटं.
मग तेल न घातलेल्या बिजागरीसारखा
बारीक आवाज,
पत्र्यावर घासून मोठा होणारा.
पलीकडून मामाजींचा खोकला,
ज्याचा अर्थ: मी सांगत होतो.

मी आढ्याकडे बघत पडले.
चौदा वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून या घरात आले
तेव्हा बैठक भरली नव्हती.
सासूबाईंनी हनुवटीनेच दाखवली होती
कपाट आणि दार यांच्यामधली जागा.
पाहुणे गेले का बघू, म्हणाल्या.
पाहुणे नऊ दिवस राहिले.
दर वेळी दार उघडलं की
माझ्या पायांना लागायचं,
आणि मी पाय आणखी जवळ घ्यायचे.
वाईट नव्हत्या त्या.
मी आवाज केला असता
तर उठल्याही असत्या कदाचित.
आवाज कसा करायचा, एवढंच मला माहीत नव्हतं.
आणि हे बघा,
सव्वा महिन्याचं असेल नसेल,
कोणी न शिकवता सगळ्या आळीला सांगतंय.

उठले.
कूलरच्या बाजूच्या चौकटीतून हात आत घातला.
त्याने बोट धरलं, दात नसल्यासारख्या दातांनी,
आणि गप्प झालं.
हात काढला की बिजागरी.
हात घातला की गप्प.
म्हणून तिथेच आडवी झाले, फरशीवर,
एक हात कूलरमध्ये.

कधीतरी राजरतन ब्लँकेट घेऊन आला.
टाकायला आला होता, टाकून गेला नाही.
मग सुगत, उशीसकट.
खोब्रागड्यांचा कोंबडा दीडलाच आरवला,
त्याचं नेहमीचंच घड्याळ.

तीनच्या सुमारास मामाजी मोरीकडे निघाले,
अंधारात कोणाचा तरी घोटा तुडवला,
दिवा लावला,
आणि ओळीने पडलेले आम्ही तिघं बघून म्हणाले,
"उन्हाळा लागला काय बे?"
कोणीच उत्तर दिलं नाही.
त्यांनी खांद्यावरची शाल काढली,
कूलरच्या तोंडावरून नीट लावली,
हवा जायला एक कोपरा उघडा ठेवला,
आणि दिवा मालवताना पुटपुटले,
"अंगणात गारठलं असतं."

जागेचं अजून ठरलेलं नाही.
आज जेवणं झाली की पुन्हा बैठक.
ज्याचा विषय आहे तो हजर राहील बहुतेक.
सध्या तो मामाजींच्या डाव्या चपलेत आहे,
आणि मामाजी
एका चपलेवर नळाकडे गेलेत.