फतेहगंजात, गुरुवारी

या राज्यात कोणी पीत नाही.
कायद्यात तसं लिहिलंय.
माझ्याकडे तर परमिटही होतं,
डॉक्टर मश्रूवालांच्या सहीचं:
झोप लागत नाही, प्रकृतीस्तव, महिन्याला तीन.
बाकीच्या एक मुलगा आणायचा
स्कूटरच्या डिकीतून,
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्याखाली
दोनदा हॉर्न.
त्याला पत्ता कधी सांगावा लागला नाही.

आज मी पत्ता शोधतोय.
वीजबिलाच्या पाठीवर, विदुलाच्या अक्षरात:
चर्चच्या मागे, शाळा, सात वाजता. जा.
‘जा’खाली दोन रेघा.
चर्चं इथे तीन निघाली.
पहिल्यात पेटीवर कुणी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटत होतं,
दुसऱ्यात एका बाईंनी विचारलं, लग्नाचा हॉल बघायचाय का.

पानवाल्याला म्हटलं, भाई, ती मीटिंग असते ना इथे…
त्यानं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं,
आवाज खाली आणला,
“केटली जोइए?”
पंधरा दिवस झाले होते. हात खिशात गेला.
नशीब, आधी बिल लागलं हाताला.
“चुना कमी,” म्हणालो,
आणि पान घेऊन निघालो,
जे मी खात नाही.

शाळेचा वॉचमन रेडिओला चापट्या मारत होता.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाला,
“पाछळ. चपला दिसतील तिथे.”
कशावरून ओळखलंस, असं विचारलं नाही.
फाटकावरून मी चौथ्यांदा जात होतो.

बत्तीस वर्षं महापालिकेत नकाशे काढले.
हा वॉर्डही माझाच, एक्क्याण्णव सालचा.
ही मागची खोली आहे त्यात,
दार दक्षिणेला दाखवलंय.
दार उत्तरेला आहे.
बाहेर उभं राहून हे नीट पाहिलं.
मग चपला मोजल्या. अकरा जोड.
एक बायकी, लाल, टाच झिजलेली.
आणि एक जोड तपकिरी बूट, खात्याचे,
आरशासारखे चमकणारे.

पाय मागे वळले, खरं सांगतो.
पण बुटांचा मालक दारातच आला,
मोज्यांवर,
एका मोज्यातून अंगठा बाहेर.
“आवो साहेब,” म्हणाला, “पंचनामा नाही करणार.
तो माझाच झालाय.
बारा पेट्या पकडायचो, नऊ लिहायचो.”
हसला कोणीच नाही. बहुतेक सगळ्यांनी ऐकलेलं असावं.

चौथी ब चा वर्ग. गुडघे बाकाला लागत होते.
फळ्यावर भागाकार, उत्तर न काढलेला.
चहा फिरला, पाळी फिरली,
गुजरातीत, हिंदीत,
एकानं तर नुसतेच डोळे पुसले
आणि सगळे म्हणाले, आभार.

मग माझ्यापाशी आली.
गुजरातीत मी हिशेब करतो. हिंदीत रिक्षा ठरवतो.
हे मराठीतच येणार होतं,
आणि मराठीत आमच्या घरात
या गोष्टीचं वाक्य कधी पूर्ण झालं नव्हतं.
वडील म्हणायचे, “जरा उशीर होईल.”
काका गेले ते ‘पोटाच्या दुखण्यानं’.
विदुला विचारते, “घेतलीय का?”
काय, ते तीही म्हणत नाही.

मी, म्हणालो. थांबलो.
दारू, म्हणालो.
तो शब्द खोलीत इतका मोठा ऐकू आला
की मी दाराकडे पाहिलं,
कोणी ऐकलं तर नाही.
पुढे पितो म्हणायचं की प्यायचो,
तेवढ्यावर अडलो.
पोलिसानं पाण्याची बाटली सरकवली.
लाल चपलांच्या बाई म्हणाल्या,
“बेसी जाव, भाई. बाकीनुं ए पण आवशे.”

बसलो.

परतताना पानवाल्याचं दुकान उघडंच होतं.
त्यानं हात वर केला, ओळखीचा.
मी पलीकडच्या फुटपाथवरून गेलो.
खिशातलं पान घरापर्यंत तसंच होतं,
बिलाला थोडा कात लागला,
‘जा’च्या जरा खाली.