अडतीस हर्ट्झ

सीटच्या बुडाखाली एक, पेडलांमागे दोन.
काळे, वाटोळे, हातात घेतले तर
लहान वरवंट्याइतके जड.
हे म्हणे स्पीकर. पण पडदा नाही, तोंड नाही,
आत नुसता एक धडपडणारा लोहचुंबक.

कॉव्हेंट्रीत, चॅपलफील्ड्सच्या मागच्या खोलीत
शनिवारभर मी गुडघ्यांवर.
ॲलन की दातांत,
लाल तारेला लाल, काळीला काळी,
आणि ॲम्प्लिफायरचा कान जरा जरा पिळत.

पहिल्या फेरीला सगळंच थरथरलं.
इंजिन, रस्ता, गिअर, ब्रेक,
वळणाच्या कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या,
ग्रामसभेत सगळे एकदम उठून बोलावेत तसे.
मागचं चाक कधी सुटलं ते त्या गलक्यात
कळलंच नाही. गेले भिंतीत.
पडद्यावरच्या.

मग एकेकाला खाली बसवलं.
इंजिनाला नुसतं पुटपुटू दिलं.
रस्ता निम्मा केला, मग पाव.
ऐंशी हर्ट्झच्या वरचं सगळं छाटून टाकलं.
उरलं ते मोजकं:
डावं मागचं चाक घसरायला लागलं
की डाव्या मांडीखाली
कुणीतरी बोटाने हळूच टोचल्यासारखं.

अडतीस हर्ट्झ तेवढं ऐकेना.
तिथे आल्यावर अख्खी फ्रेम घुमायची
आणि स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधले चमचे
आपापसांत बोलायला लागायचे.

इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे
बारा माग होते. रात्रपाळीचे.
कॉट हलायची, तांब्यातल्या पाण्यावर
सतत वर्तुळं.
आम्ही गाढ झोपायचो.
वीज गेली की मात्र
घरातली सगळी पोरं दचकून उठून बसायची.

सातव्या फेरीला बेल वाजली.
शेजारचे पार्जिटर. स्वेटर उलटा,
दोन्ही कानांत यंत्रं.
मी दार उघडायच्या आधीच सॉरी म्हणाले.
त्यांनी ते माशीसारखं हाकललं.
'मॅडम,' म्हणाले, मगदूम त्यांना जमत नाही,
'तुमचा तिसरा गिअर उशिरा पडतोय.'

एकतीस वर्षं गिअरबॉक्स तपासले त्यांनी
इथल्याच एका कारखान्यात,
जिथे आता विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत.
कान तिकडेच राहिले.
तळहात घेऊन घरी आले,
आणि दुपारपासून तो तळहात
आमच्या सामाईक भिंतीवर होता.

त्यांना सीटवर बसवलं. स्टिअरिंगला हात लावेनात.
'तू चालव,' म्हणाले, 'मी बसतो.'
मग मी शेजारी उकिडवी बसून
एका हाताने गाडी हाकली,
त्यांनी डोळे मिटले, तोंड किंचित उघडं,
दाढेत अडकलेलं काही शोधतात तसं.
उशीर किती, ते दोन बोटांच्या फटीने दाखवलं.
मी बफर कमी केला. फट अरुंद झाली.
अजून कमी. अजून.
बोटं जुळली.
चहा घेतला नाही. गेले.

रविवारी शहाण्यासारखी
रबराची चार बुटकी पावलं आणली,
फ्रेमच्या चार पायांखाली सरकवली.
भिंत मुकी. चमचे मुके.
सीटखाली मात्र सगळं जिथल्या तिथे,
अडतीससुद्धा आता शिस्तीत.
शेजारधर्म पाळल्याचं समाधान घेऊन
मी तीन संध्याकाळी मस्त पळवली गाडी.

बुधवारी पुन्हा बेल.
स्वेटर आज सुलटा.
'बरी आहेस ना?
रविवारपासून काही आलं नाही इकडे.'

भिंतीकडच्या एका पायाखालचं रबर
मी काढून ठेवलंय,
ड्रॉवरमध्ये, चमच्यांच्या कप्प्यात.
सात वाजले की चमचे वाजतात.
वाजू देत.