चुना

दवाखान्यातल्या टाकीत समुद्र आहे, एकशेवीस लिटर.
मीठ बादलीतून येतं, पाणी फिल्टरचं,
आणि दगड आला गोव्याहून, आंबोलीचा घाट चढून,
ओल्या पेपरात गुंडाळून, मगदूम डॉक्टरांच्या मांडीवर.
त्याच्याच एका भोकात बसून ते आलं असणार,
तिकीट न काढता निपाणीपर्यंत.

आधी एकच होतं. करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी,
कडेनं बारीक बोटं.
तायव्वा म्हणाली, फूल आलंय बघ गं पोरी.
मीही खूश. काही न करता काही उगवलं होतं.

मग शेजारचं पोवळं मिटायला लागलं,
ज्या बाजूला फूल झुकायचं त्याच बाजूनं.
'काढ ते,' डॉक्टर म्हणाले.
मी कापसाच्या चिमट्यानं ओढलं.
निम्मं हातात आलं, निम्मं भोकात शिरलं.
सोमवारी दवाखाना उघडला तेव्हा सात होते.

लिंबू झालं. उकळतं पाणी झालं.
मुंबईहून दोन कोळंब्या मागवल्या, त्या म्हणे हेच खातात.
एक वाटेत मेली.
दुसरी पंपामागं बसून राहिली
कायम झालेल्या नोकरासारखी.

काम रंगात आलं की डॉक्टरांची भाषा बदलते.
एकाची दाढ हलवता हलवता, टाकीकडं न बघता, मास्कमधून म्हणाले,
'सुण्ण हाकु.'
मी सुन्न करायची सुई भरून आणली.
पेशंट आ वासून, डॉक्टर माझ्याकडं बघत,
आणि मग तिघंही हसलो, पेशंट जमेल तसं.
सुण्ण म्हणजे चुना गं. फुलांना.

चुना आणायला मी इलाईच्या टपरीवर गेले.
'दवाखान्याला चुना?
डॉक्टरला कोण लावतंय, तू का?'
टाकीच्या बरोबर वर भिंतीवर तक्ता आहे,
सडलेल्या जबड्यांचा, खाली कन्नडमध्ये आणि मराठीत
तंबाखू-चुना सोडा.
त्याच्याखाली उभी राहून मी चुना कालवते,
पाण्यात, दाट ताकाएवढा, इन्सुलिनच्या सिरिंजमधून जाईल असा.

संध्याकाळी पंप बंद करायचा.
पाणी थांबलं की पाच मिनिटांत ती उघडतात, सगळी बोटं पसरून,
भरवायला कुणी आलंय असं वाटून.
सावली पडू द्यायची नाही.
मधोमध तोंड असतं, तिथं सुई, आणि हळू.
घाई केली की मिटून आत जातात, मग तो दिवस वाया.
बरोबर बसली तर आक्रसतात, पांढरी होतात,
वरून थोडा लेप द्यायचा, भोक लिंपल्यासारखा.
दिवसाला तीन. जास्त केली तर पाणी चढतं,
जोकर मासा वर येऊन धापा टाकतो.

तायव्वा गुरुवारी आली.
तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळलीय तिनं,
शिंकते अजून, वखार बंद पडून नऊ झाली तरी.
गालाच्या आत पांढरा चट्टा, रुपयाएवढा.
दुखत नाही म्हणाली. डॉक्टर काही बोलले नाहीत.
बराच वेळ बॅटरी धरून होते.
मग कोल्हापूरची चिठ्ठी लिहिली, मराठीत, सावकाश, एकेक अक्षर.

बाहेर बाकावर बसून ती टाकीत बघत राहिली.
'फूल कुठं गेलं?'
काढलं, म्हणाले.
'मुळासकट?'

मी सिरिंज धुवत होते. दोनदा धुतली.
निपाणीत कोल्हापूरची गाडी कुठं लागते
हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे,
तरी मी सांगत बसले, कुठली थेट, कुठली थांबत जाते.

उठताना तिनं कनवटीची डबी काढली,
पितळी, झाकण सैल झालेली,
माझ्या टेबलावर ठेवली.
'घे. तुला लागतोय न्हवं.'

बोटभर होता आत. अजून ओला.

आता सहा वाजलेत. पंप बंद केलाय.
मागच्या काचेजवळ एक राहिलंय,
उघडायची वाट बघतेय.