केदार

मंगळवारी आणि शुक्रवारी पावाची गाडी येते.
निकानोर तीनदा भोंगा वाजवतो.
पूर्वी पाचदा वाजवायचो, म्हणतो,
वरच्या आळीत तेव्हा माणसं होती.
पहिल्या दिवशी मी पोचेपर्यंत टोपल्या रिकाम्या.
"नो केदा," त्यानं हात झटकले, पीठ उडालं.
मला ऐकू आलं : केदार नाही.
शाळेत माझ्या बाकावर होता एक केदार,
कंपास उसना नेऊन परत न करणारा.
तेरुएलच्या डोंगरात पवनचक्क्यांचे बोल्ट आवळायला आलेला मी,
आणि हा इथंही गैरहजर!

रात्री शब्दकोश काढला. केदार : उरणे.
एवढंच?

एवढंच नव्हतं.
घरमालकीण कासिल्दा, वय ब्याऐंशी,
हिनं नवऱ्याचा कोट माझ्या खांद्यांवर टाकला,
दोन पावलं मागं सरून म्हणाली, ते केदा ग्रांदे.
म्हणजे तुला मोठा होतो.
बाह्यांतून माझी नखं तेवढी बाहेर.
मी मात्र ऐकलं ते उरणंच :
माणूस वजा जाता
कोट केवढा उरतो.

औषधाचं दुकान? केदा लेखोस.
चाळीस किलोमीटरवर आहे, एवढाच अर्थ.
पण जणू आधी इथंच होतं शेजारी,
मधलं सगळं उठून गेलं
आणि ते राहिलं तिकडं, शटर ओढून.

डोळा लागला, की केदार.
बहिरं झालं माणूस, विधवा झालं, पैशांवाचून बसलं, की केदार.
आला पाहुणा, हलायचं नाव नाही.

मग फेब्रुवारीत, झऱ्याच्या कट्ट्यावर
अबुन्दिओ काठी आपटून म्हणाला, केदामोस ओन्थे.
ओन्थे म्हणजे अकरा, हे मला येत होतं.
केदामोस म्हणजे भेटायचं ठरलं, हेही नुकतंच शिकलो होतो.
दुसऱ्या दिवशी दाढी करून
बरोब्बर अकराला चौकात हजर.
कोणी नाही. एक मांजर. नळाच्या तोंडाशी बर्फाची काडी.
बारापर्यंत थांबलो, तेव्हा कुठं
मधला गाळलेला शब्द कानात पडला.
अकराला नव्हे.
अकरा.
अकराजण उरलो, म्हणत होता तो.

कासिल्दाला सांगितलं तर डोळे पुसून पुसून हसली.
मग विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?
म्हटलं, राहणं.
तो इथं राहतो. पाव राहिला नाही. मुक्कामाला राहा.
आणि करायचं होतं, केलं नाही, तेही : राहिलं.
तिनं तो शब्द जिभेवर फिरवला, राईलं, राईलं,
खिडकीतून वरच्या आळीकडे बघत.
काय राहिलं, ते मी विचारलं नाही.
तेही राहिलं.

मार्चअखेर काम संपलं. शेवटचं पातं फिरायला लागलं.
बॅग भरताना ती दारात, हातावर कोट.
ते लो केदास?
ठेवतोस का हा?
त्यातला तो बारका 'लो' वाऱ्यात गेला असेल,
किंवा मीच गाळला असेन, सवयीनं.
मला ऐकू आलं : राहतोस का?
सी, म्हणालो.

ती काही बोलली नाही.
चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडे ओढली,
आणि टाचण्या तोंडात धरून
बाह्या आखूड करायला बसली.