पान अकरा

ट्रुरोच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत
मी डेन्झिल अँगोव्हना पान अकरा वाचून दाखवते आहे.
वय एक्क्याऐंशी. चष्मा खरंच घरी राहिलाय
की वाचायचा कंटाळा आहे, मी विचारत नाही.

"या तपासणीत तुमच्या शरीराला सुमारे सात मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळेल.
म्हणजे साधारण अडीच वर्षांत
निसर्गातून आपसूक मिळतो, तेवढा."

हे वाक्य समितीनं तीनदा परत पाठवलं होतं.
आधी आम्ही विमानप्रवास लिहिले.
समिती म्हणाली, सगळेच विमानात बसत नाहीत.
मग केळी लिहिली. त्यावर उत्तरच आलं नाही.
मग वर्षं.
वर्षं सगळ्यांकडे असतात.

"कुणाची वर्षं?" अँगोव्ह विचारतात.

मी थांबते.

"लंडनवाल्याची, की माझी?
माझ्या घराच्या भिंती ग्रॅनाइटच्या. खाली ग्रॅनाइट.
दगडातून वायू वर येतो म्हणून
कौन्सिलनं फळ्यांखाली पंखा बसवून दिलाय.
रात्रभर घुरघुरतो.
मेरिन गेल्यापासून
घरात घोरणारं तेवढंच."

बरोबर आहे त्यांचं.
मी समासात पेन्सिलीनं हिशेब मांडते:
यांच्यासाठी अडीच नव्हे, वर्षभराचंच. कदाचित त्याहून कमी.

"स्वस्तात पडतंय की मग."

नाही, मी म्हणते. जे आधीच घेऊन झालंय
त्यात हे मिळवायचं. वजा काहीच होत नाही.
धोका वाढतो तो थोडा. थोडा म्हणजे शून्य नव्हे.
आणि तुम्हाला यातून काहीही फायदा नाही.
(हे दोनदा सांगायचं, असा नियम आहे.
मी दोनदा सांगते. दुसऱ्यांदा सांगताना
नेहमी पेनच्या टोपणाकडे बघते.)

ते पानावरून बोट फिरवतात,
जशी काही अक्षरं हाताला लागणार आहेत.
"बाप कथिलाच्या खाणीत होता. तेहतीस वर्षं.
तिथंही हाच वायू. किती, ते कुणी मोजलं नाही.
त्याला सहीसाठी एकदाच कागद दिला होता.
बुटांची पावती."

यावर काय बोलायचं, ते पान अकरावर नाही.
पान बारावरही नाही.

त्यांची सही रेघेवरून घसरून
तारखेच्या चौकटीत शिरते.
नवा फॉर्म देऊ का? म्हणाले, राहू दे,
मी असाच आहे.

गुरुवारी सकाळी दहाला सुई.
तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं,
मग यंत्राचं ते पांढरं कडं.
निघताना मी सांगितलं: दर एकशे दहा मिनिटांनी
अंगातलं अर्धं होतं. भरपूर पाणी प्या.
आणि आज लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.
गुरुवारी पणती येते. लोवेना. साडेतीन वर्षांची.

शुक्रवारी ठरलेला फोन केला. काही त्रास?
"त्रास नाही. ती काचेच्या दाराबाहेर, मी आत.
काचेला नाक लावून उभी. वाफ धरली की
बोटानं भोक पाडायची आणि बघायची, मी आहे का.
मी घड्याळ घेऊन बसलो. अर्धं. अर्ध्याचं अर्धं.
त्याचंही अर्धं.
एक सांग मुली, हे पूर्ण कधी संपतं?"

कागदावर कधीच नाही, मी म्हणाले.

"मला वाटलंच.
म्हणून आठ वाजता उघडलं दार."